‘इतर’ या रकान्यातला वास

कोवळं ऊन टेबलावर येऊन बसलं होतं आणि अनुस्वार ‘आदर्श कुक्कुटपालन’ या ग्रंथाच्या खुराड्यांवरच्या प्रकरणात मान घालून बसले होते, तेव्हा त्यांच्या नाकाखाली एक मनगट आलं.

“अहो, कसा आहे?” बायकोनं विचारलं.

‘खुराडे’ हा शब्द एकाच पानावर दोन तऱ्हांनी छापला गेला होता आणि त्या क्षणी अनुस्वारांना जगात दुसरी काळजी नव्हती. त्यांनी मान वर केली नाही. श्वासदेखील, खरं सांगायचं तर, आत घेतला नाही.

“बरा आहे,” ते म्हणाले.

मनगट तिथंच जरा थांबलं आणि मागे गेलं.

“बरा? बरी सर्दी होते,” बायको म्हणाली. “लोकांच्या पुस्तकात एक वेलांटी पालथी पडली तर तुम्हाला अन्न गोड लागत नाही. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, काही कारण नसताना, स्वतःसाठी एक सेंट आणला, तर माझ्या वाट्याला ‘बरा’?”

“मग कसा म्हणू?”

“ते मी सांगायचं? शब्दांचं दुकान तुमचं. मी चष्मे विकते.”

ती खरोखरच चष्मे विकायची. चौकातल्या दुकानात फ्रेमा आणि हिशेब दोन्ही तीच सांभाळायची. बाटलीला टोपण बसल्याचा टक् असा आवाज झाला, मग दाराचा झाला, आणि मग घरात जी शांतता पसरली ती अनुस्वारांच्या चांगल्या परिचयाची होती. ती बोलत नसली की भांडण असतं. पण ती शब्द मोजून बोलून गेली की ते भांडण नसतं, दुखणं असतं.

अनुस्वार हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते मुद्रितशोधक. घरी बसून छापखान्यांची मुद्रितं तपासायचे, आणि काम संपलं तरी डोळे मिटायचे नाहीत. लिफ्टमधल्या पाटीवर सेक्रेटरींनी ‘ज्वलनशिल’ लिहिलं होतं, ते यांनी लाल शाईनं ‘ज्वलनशील’ केलं. तेव्हापासून इमारत त्यांना अनुस्वार म्हणू लागली. वास्तविक चूक वेलांटीची होती, अनुस्वाराची नव्हे. पण टोपणनावात शुद्धलेखन बघायचं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

तर शब्द शोधायला हवा होता, आणि संध्याकाळच्या आत. त्यांनी खुराडं मिटलं आणि बाटली हातात घेतली. गुलाबी काचेची, तळहातात मावणारी. खोक्यावर छापलं होतं, ‘रसरशीत फळांचा गोडवा, कोवळ्या फुलांचा दरवळ’. कोणती फळं? कोणती फुलं? मोघम लिखाणाचा त्यांना तिटकारा होता. त्यांनी कुक्कुटपालनाच्या एका कोऱ्या मागल्या पानावर फवारा मारला आणि नाक लावलं. शाईचा वास आला, खळीचा आला, आणि प्रकरण वाचून झालेलं असल्यामुळे थोडा कोंबड्यांचाही आला. कागद कामाचा नव्हता. माणसाचं कातडं हवं होतं. स्वतःच्या अंगाला लावून बघावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. बाटली बायकी होती, आणि ते मुद्रितशोधक होते.

समोरच्या दारात वेधशाळा राहायचे. हवामान खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ बायको माहेरून कधी येईल याचाही अंदाज टक्केवारीत सांगायचे. त्यांनी इंजेक्शन घेतल्यासारखा हात पुढे केला, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि फवारा बसल्यावर डोळे मिटून बसले.

“काय वाटतं?” अनुस्वारांनी कागद-पेन सरसावलं.

“थांबा. आत्ताच काही बोलणं घाईचं होईल.” वेधशाळांनी मनगट नाकाशी नेलं. “सुरुवातीला सर्वत्र गोड. मधल्या भागात तुरळक फुलांची शक्यता. त्यानंतर…”

त्यानंतर काहीच नाही. पंखा फिरत होता, पडदा आत येऊन बाहेर जात होता.

“टेकडीवर आमचं पर्जन्यमापक होतं,” वेधशाळा बऱ्याच वेळानं, निराळ्याच आवाजात म्हणाले. “कुंपणाला लाल फळांची झुडपं. सकाळी नोंद घ्यायला जायचो. पाऊस पडलेलाच नसायचा. मग शून्य लिहायचं, आणि तिथंच गवतात आडवं व्हायचं. फळं खात ढग बघायचे. पगारच ढग बघायचा असल्यामुळे मनाला टोचणीही नाही.”

“कोणती फळं?”

“नाव नाही कळलं कधी. विचारायला तिथं कुणी होतंच कुठं?”

अनुस्वारांनी ‘फळ, लाल, अनामिक’ असं टिपलं आणि वर पाहिलं, तर वेधशाळा मनगट गालाखाली घेऊन झोपी गेले होते. चेहऱ्यावर आकाश निरभ्र होतं. अनुस्वार दार हलकेच ओढून घेऊन जिना उतरले.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता आणि बाई त्याच्या दाढेला कितपत बधिरता आली आहे ते बघत होत्या.

“बोला, कोणता दात?”

“दात नाही. नाक.”

बाई गडबडीतल्या, पण कुतूहलाच्याही. त्यांनी हातमोजा काढून मनगट पुढे केलं, हुंगलं आणि तडकाफडकी निकाल दिला. “स्ट्रॉबेरी. तीही खोटी. लहान मुलांच्या दातांना आम्ही जेली लावतो ना, तीच.”

अनुस्वार खूश झाले. असा माणूस हवा. एक प्रश्न, एक उत्तर. ते वळले, तेवढ्यात मागून “थांबा” असं ऐकू आलं. बाई मनगट पुन्हा हुंगत होत्या.

“स्ट्रॉबेरी गेली. आता गुलाब आलाय.” त्या स्टुलावर टेकल्या. “वसतिगृहात माझ्या मैत्रिणीनं खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात गुलाब लावला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी उमलला. आम्ही पुस्तकं मिटली आणि त्याच्याकडे बघत बसलो.”

“मग?”

“मग मी नापास झाले. इतकं सुंदर वर्ष पुन्हा आलं नाही.”

“इ-ई!” खुर्चीतून आवाज आला. पेशंट हात वर करून आपलं मनगट दाखवत होता.

“तुम्ही बोलू नका, बधिर केलंय,” बाई म्हणाल्या; पण नजर खिडकीबाहेरच होती.

पेशंट ऐकेना. अनुस्वारांनी त्याच्याही मनगटावर एक फवारा दिला. त्यानं हुंगलं, डोळे विस्फारले आणि कळवळून ओरडला, “इ-ई! इ-ई!” सबंध इमारतीत ज्याला उत्तर पक्कं ठाऊक होतं असा तो एकटाच इसम, आणि नेमकी त्याचीच जीभ जाग्यावर नव्हती. अनुस्वारांनी कागदावर ‘इ-ई’ लिहिलं. पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ.

वर जाताना मात्र ते लिफ्टनं गेले. इथंच त्यांचं चुकलं, कारण लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते.

“हातात काय आहे?”

“सेंट. मंडळींचा आहे.”

“ज्वलनशील पदार्थ लिफ्टमधून न्यायला बंदी आहे. पाटी वाचलीय ना तुम्ही?” सेक्रेटरी थांबले. “वाचलीयच म्हणा.”

त्या ‘वाचलीयच’मध्ये जुनी जखम होती. सेक्रेटरींनी बाटली तपासणीसाठी ताब्यात घेतली. फवाऱ्यानं अंदाज येईना म्हणून तिचं बूच पिळून उघडलं आणि नाक थेट तोंडाशी नेलं. आणि आमच्या इमारतीची लिफ्ट मजला सोडताना उचकी देते, तशी तिनं ती दिली. निम्मी बाटली सेक्रेटरींच्या सदऱ्यावर आणि उरलेल्यातली बरीचशी लिफ्टच्या जमिनीवर सांडली.

अनुस्वारांनी डोळे मिटून घेतले. आता दंड, नोटीस, सर्वसाधारण सभा. पण काहीच ऐकू येईना, म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. सेक्रेटरी ओल्या सदऱ्याकडे हनुवटी झुकवून उभे होते.

“मी शाळेच्या बँडमध्ये होतो,” ते म्हणाले. “त्रिकोण वाजवायचो. सबंध गाण्यात तीनदा वाजवायचा असतो तो. बँडच्या बाई रांगेतून फिरायच्या ना, तेव्हा असाच वास यायचा. त्या जवळून गेल्या की माझा ठोका चुकायचा.”

“त्रिकोणाचा?”

सेक्रेटरींनी विचार केला. “दोन्ही.”

लिफ्ट वर पोचली. दार उघडलं, मिटलं. कुणी उतरलं नाही. सेक्रेटरींनी तळमजल्याचं बटण दाबलं, मग पुन्हा वरचं, आणि दोघे तरंगल्यासारखे वरखाली करत राहिले. अनुस्वार एरवी असल्या उधळपट्टीत सामील झाले नसते. पण बाटलीची अवस्था पाहून त्यांना घरी जायचा धीरही होत नव्हता. आणि लिफ्ट मात्र प्रत्येक मजल्यावर दार उघडून, घरोघर पेपर टाकावा तसा, थोडा थोडा वास टाकत गेली.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना लहानपणापासून कुठल्याही वासात गॅसच येतो. त्यांनी फोन केला.

आता एरवी शेगडी दुरुस्त करायला बोलावलं तर आठवडा आठवडा न फिरकणारी माणसं, पण गळतीचा संशय म्हटल्यावर गॅसवाला असा आला की जणू जिन्याखालीच बसला होता. त्यानं इमारतीचा मुख्य कॉक बंद केला, सगळ्या नळ्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला आणि जाहीर केलं, “गळती नाही.”

“मग सुरू करा,” काकू म्हणाल्या. “माझा कुकर लावायचाय.”

“वास आहे की!” गॅसवाल्यानं पिशवीतून फॉर्म काढला. “गळती नाही आणि वास आहे, तर वास कसला ते लिहावं लागतं. सडका, जळका, औषधी, इतर. यातला कुठला?”

अनुस्वारांनी पुढे होऊन सगळा गुन्हा कबूल केला आणि बाटली दाखवली. तळाला चमचाभर उरलं होतं.

“लिहा, सेंट,” ते म्हणाले.

“सेंट ही वस्तू झाली, साहेब. रकान्यात वासाचा प्रकार विचारलाय. ‘इतर’मध्ये एक शब्द लिहायचा. आणि तक्रारदार, सेक्रेटरी, दोघांना तो मान्य पाहिजे.”

“एक शब्द ना? सोपं आहे,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनीही मनगट पुढे केलं.

त्यानंतर जिन्यात जे झालं त्याला सभाच म्हणायला हवं. एरवी कोरम भरत नाही. आज पायऱ्या पुरेनात. डॉक्टरीणबाई गुलाबावर ठाम होत्या. जागे होऊन आलेले वेधशाळा म्हणाले की गुलाब हा स्थानिक स्वरूपाचा आहे, व्यापक अंदाज फळाचाच धरावा. काकूंना फळांच्या चवीच्या गोळ्यांचा वास येत होता; त्यांच्या वडिलांच्या कोटाच्या खिशात त्या चिकटून बसायच्या आणि खिशात हात घातला की बोटं गोड व्हायची. ते सांगताना काकूंना कुकरची आठवण राहिली नाही. सेक्रेटरींनी आपलं मत गुप्त ठेवायची परवानगी मागितली. तेवढ्यात गालावर हात धरलेला पेशंट धापा टाकत जिना चढून आला. जीभ जागी झाली होती.

“लिची!” तो गरजला. “मघापासून सांगतोय, लिची!”

“तुम्ही या इमारतीतले सभासद नाही,” सेक्रेटरी म्हणाले, आणि पक्कं उत्तर तिथंच बारगळलं.

गॅसवाल्यानं साहेबांना फोन लावला. फोनमधून सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज आला, “काव्य नको, वास लिहा!” बिचाऱ्यानं शेवटी नियमाप्रमाणे स्वतःच्या मनगटावर थोडं घेतलं, हुंगलं, आणि पिशवी बाजूला सारून पायरीवर बसला.

“मला कळतच नाही,” तो हळूच म्हणाला. “इतकी वर्षं मी घाण वासच शोधत आलोय. घाण आहे की नाही एवढंच बघायचं, नसली की निघायचं. नसली तर काय असतं, ते कधी बघितलंच नाही.”

जिन्याच्या उंच खिडकीतून उतरतीचं ऊन पायऱ्यांवर आडवं पडलं होतं. प्रत्येकाचं मनगट ज्याच्या त्याच्या नाकाशी होतं. कुणी घाईत नव्हतं, कुणाला कुठं जायचं नव्हतं. एका गोड, धूसर पाण्यात सगळी इमारत बुडी मारून बसल्यासारखी वाटत होती.

मग काकू भानावर आल्या. “अहो अनुस्वार, तुम्ही शब्दांतले ना? द्या की एक. सगळ्यांना पटेल असा.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. अनुस्वारांनी घसा साफ केला. डोक्यात एक अख्खा शब्दकोश होता. अकारापासून ज्ञपर्यंत त्यांनी तो चाळला. मधुर. सुगंधी. मोहक. सगळे शब्द आले, पण दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखे, धुतलेले आणि परके.

“जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासलेत,” काकू म्हणाल्या, “आणि स्वतःचा एक निघेना?”

काकूंच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. म्हणूनच ते खोल गेलं. अनुस्वारांचे कान तापले. ते कागदाकडे बघत राहिले. त्यावर लिहिलं होतं, ‘फळ, लाल, अनामिक. खोटी स्ट्रॉबेरी. गुलाब. इ-ई.’

आणि खालून चपलांचा ओळखीचा आवाज आला. बायको दुकानातून परतली होती.

ती चढत आली आणि पायरीपायरीवर थबकत गेली. आधी पेशंट, मग डॉक्टरीणबाई, वेधशाळा, काकू, दरवळणारे सेक्रेटरी. प्रत्येकाच्या अंगाला तिच्याच सेंटचा वास येत होता. शेवटी गॅसवाल्याच्या हातात बाटली दिसली.

“ही माझी बाटली,” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

“मी शब्द शोधत होतो,” अनुस्वार म्हणाले.

“कुठं?”

“इथं. सगळ्यांकडे. वेधशाळांना विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं…”

“आणि मला?”

चूक समोर ढळढळीत छापलेली असावी आणि दहादा वाचूनही दिसू नये, तसं अनुस्वारांचं झालं होतं. मुद्रितशोधकाला त्याहून मोठी नामुष्की नाही.

“मी विचारतो,” पायरीवरचा गॅसवाला उठून उभा राहिला. “बाई, सेंट तुमचा. तुम्हाला कसला वास येतो?”

तिनं खांद्यावरची पर्स काढून कठड्यावर ठेवली. सकाळचं मनगट वर नेलं. तिथं आता दिवसभरानंतर जेमतेम काही उरलं असणार. तरी ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

“मी शाळेत होते,” ती म्हणाली. “मला गोवर आला होता आणि घरचे सगळे एका लग्नाला गेले होते. मला माडीवर ठेवलेलं. शेजारीण येऊन बघून जायची, तेवढंच. कुणीतरी मला बघायला येताना पाकातल्या फळांचा डबा आणला होता. तो मी कात्रीनं फोडला. खिडकीशी बसून बोटांनी एक एक फोड काढून खाल्ली. खाली शेजारच्यांच्या कुंपणावर कसली तरी फुलं होती, ऊन होतं. ताप उतरत होता. कुणी हाक मारत नव्हतं. हे आण नाही, ते कर नाही. त्या दुपारी मी कुणाचीच कुणी नव्हते.” ती हसली. “फार छान वाटलं होतं. दुकानात बाटली उघडली आणि एकदम ती माडीच आली. म्हणून घेतली.”

अनुस्वार तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत ही माडी त्यांनी ऐकलेली नव्हती. तिला गोवर येऊन गेलाय हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

“एका शब्दात सांगायचं तर?” गॅसवाल्यानं फार अदबीनं विचारलं.

“सुट्टी,” ती म्हणाली.

वेधशाळांनी मान डोलवली. डॉक्टरीणबाईंनी डोलवली. काकू म्हणाल्या, “अगदी.” सेक्रेटरींनी “मंजूर” म्हणून सही ठोकली. गॅसवाल्यानं ‘इतर’च्या पुढे लिहिलं, ‘सुट्टि’. ऱ्हस्व. अनुस्वारांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

फॉर्मचा फोटो साहेबांना गेला. थोड्या वेळानं फोन वाजला. गॅसवाल्यानं दोनदा “पण साहेब” आणि एकदा “तसं नाही साहेब” म्हटलं, आणि मग पडल्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, “साहेब म्हणतात, सुट्टी आहे तर माणसांना कशाला बोलावता? पुरवठा उद्या सकाळी.”

एरवी यावर इमारत पेटली असती. आज काकू म्हणाल्या, “जाऊ दे. पाव आणू.” आणि सगळे घरी स्वयंपाक नाही म्हणून, जणू सहलीला निघाल्यासारखे, चपला शोधू लागले. गॅसवालाही त्यांच्यात मिसळून गेला. पेशंटला डॉक्टरीणबाईंनी फक्त मऊ खायला परवानगी दिली.

जिना रिकामा झाला. अनुस्वार आणि बायको एका पायरीवर बसले. तिनं बाटली उजेडात धरली, उलटी केली, तळाशी राहिलेला एक थेंब मोठ्या मिनतवारीनं बोटावर घेतला आणि त्यांचं मनगट ओढून त्याच्यावर लावला.

“आता तुम्ही. आणि शब्द नको. काय येतं ते सांगा.”

अनुस्वारांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि दिवसभरात पहिल्यांदा पोटापर्यंत श्वास घेतला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की तिनं काळजीनं विचारलं, “काय हो?”

“खोडरबर,” ते म्हणाले.

“काय?”

“वासाचं खोडरबर यायचं. गुलाबी, फळाच्या आकाराचं. दुसरीत असताना मला वडिलांनी आणून दिलं होतं. सगळा तास मी ते हुंगतच बसलो. खरोखरीच्या फळासारखा वास गं. गुरुजी फळ्याकडे वळले, आणि मी…” ते थांबले. त्यांनी ही गोष्ट आजपर्यंत कुणालाही सांगितली नव्हती.

तिनं तोंडावर हात ठेवला. “खाल्लंत?”

“अर्धं.”

ती हसू लागली. हसता हसता कठड्याला टेकली, डोळे पुसले, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसत सुटली. जिन्याच्या वरपासून खालपर्यंत ते हसू घुमत गेलं. कसंबसं थांबून तिनं विचारलं, “आणि उरलेलं अर्धं?”

“दुसऱ्या दिवशी,” अनुस्वार म्हणाले. “खात्री करून घ्यायला.”